लहान इंजिनाचा बदली कार्बोरेटर : दर पाहावा, तत्पूर्वी माप पाहावे

सप्टेंबर २०२५ च्या उत्तरार्धात झालेल्या अतिवृष्टीने सीना नदीला महापूर आला आणि धाराशिव जिल्ह्यातील परंडा व भूम या तालुक्यांतील अनेक गावांना पाण्याने वेढले. पिके, जमीन, घरे आणि पशुधन यांच्या हानीची दखल पंचनाम्यात घेतली जाते, आणि ते योग्यच होय. परंतु अशा पुरात आणखी एक हानी होते, ती सहसा त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही. गोठ्यात, खोपीत किंवा विहिरीच्या काठावर ठेवलेली लहान पेट्रोल इंजिने गाळाच्या पाण्यात बुडतात. पाणी ओसरते, शेत वाफशावर येते, रब्बीच्या ज्वारीची घाई सुरू होते. आणि ज्या दिवशी यंत्राची गरज भासते त्याच दिवशी दोरी कितीही ओढली तरी इंजिन सुरू होत नाही. कारागीर पाहतो आणि सांगतो, “कार्बोरेटर गेला, नवा टाकावा लागेल.”

नवा म्हणजे कोणता, हा प्रश्न तेथून सुरू होतो. दुकानात एकाच यंत्रासाठी दोन-तीन प्रकारचे कार्बोरेटर पुढे ठेवले जातात. एक मूळ कंपनीचा असतो, दुसरा पर्यायी म्हणून विकला जाणारा; दोहोंच्या किमतीत कित्येकदा तिपटी-चौपटीचे अंतर असते. दिसायला दोन्ही सारखेच. मग महाग भाग घेणे ही उधळपट्टी, की स्वस्त भाग घेणे ही फसगत? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा सांगोपांग विचार करावयाचा आहे. हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा नाही. ग्रामपंचायतीचे गवतकापणी यंत्र, शाळेच्या मैदानाची निगा राखणारे यंत्र, बचत गटाच्या किंवा शेतकरी गटाच्या अवजारे बँकेतील कोळपणी यंत्र, फवारणी पंप आणि पाणी उपसण्याचा पंप या सर्वांच्या पोटात हाच छोटासा भाग असतो. परदेशांत हिरवळ कापण्यासाठी वर बसून चालवावयाची जी यंत्रे सर्रास वापरली जातात, तीही याच कुळातील. २०१४-१५ पासून राबविण्यात आलेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अनुदानावर अशी यंत्रे खेडोपाडी पोहोचली. यंत्र पोहोचले तरी त्याच्या देखभालीचे ज्ञान त्याच वेगाने पोहोचतेच असे नाही.

कार्बोरेटरचे कार्य

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याचे बारीक तुषार करून ते हवेत योग्य प्रमाणात मिसळावे लागतात. हे काम कार्बोरेटर करतो. हवेचा मार्ग मध्यभागी अरुंद केला की तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी याने १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून या अरुंद गळ्याला त्याचेच नाव मिळाले. गळ्याशी दाब कमी झाल्याने खालच्या वाटीतील पेट्रोल ‘जेट’ नावाच्या पितळी भागाच्या सूक्ष्म छिद्रातून वर ओढले जाते आणि हवेच्या झोतात त्याचे तुषार होतात. वाटीतील पेट्रोलची पातळी स्थिर राखण्यासाठी ‘फ्लोट’ म्हणजे तरंगणारा भाग असतो. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि एका सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. पातळी उतरली की वाट पुन्हा मोकळी होते. घरावरील पाण्याच्या टाकीत तरंगणारा चेंडू नळ बंद करतो, तोच हा प्रकार. जर्मनीतील मायबाख याने १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अशा रचनेचा कार्बोरेटर सिद्ध केला. लहान इंजिनांत मूळ तत्त्व आजही तेच आहे.

एक किलोग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. पेट्रोल कमी पडले तर मिश्रण ‘पातळ’ होते, इंजिन तापते आणि जोर धरत नाही. पेट्रोल अधिक झाले तर मिश्रण ‘जाड’ होते, काळा धूर निघतो, प्लगवर काजळी धरते आणि इंधन वाया जाते. हे प्रमाण बव्हंशी जेटच्या एका सूक्ष्म छिद्रावर अवलंबून असते. बदली भागाची निवड करताना बाह्यरूपापेक्षा या छिद्राला महत्त्व का द्यावयाचे, ते यावरून ध्यानी यावे.

दोन निरनिराळ्या जाती

लहान इंजिनांवर मुख्यतः दोन जातींचे कार्बोरेटर आढळतात. पहिली जात वर वर्णिलेली, वाटी व फ्लोट असलेली. जमिनीवर उभे राहून काम करणाऱ्या यंत्रांवर, म्हणजे पॉवर वीडर, पाण्याचा पंप, जनित्र यांवर ती असते. दुसरी जात पडद्याची, म्हणजे डायफ्रॅमची. ब्रश कटर किंवा लाकूड कापण्याची साखळी-करवत काम करताना वाकडीतिकडी, प्रसंगी उलटीही धरावी लागते. अशा वेळी वाटीतील पेट्रोल सांडेल. म्हणून तेथे वाटीऐवजी लवचीक पडदा पेट्रोलचे नियंत्रण करतो. या दोन जाती एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर चालवावयाच्या पंपांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. त्यांच्या कार्बोरेटरची रचना व जेट त्या इंधनानुसार ठरविलेले असतात. केवळ पेट्रोलसाठी बनविलेला कार्बोरेटर स्वस्तात मिळाला म्हणून त्यावर बसविल्यास इंजिन समाधानकारक चालत नाही.

बदलण्यापूर्वी खात्री करावी

‘कार्बोरेटर गेला’ असे म्हटले जाते तेव्हा कित्येकदा तो गेलेला नसतो, तुंबलेला असतो. कधी तर दोष भलत्याच ठिकाणी असतो. म्हणून खर्च करण्यापूर्वी काही गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

प्रथम टाकीतील पेट्रोल ताजे आहे काय ते पाहावे. महिनोन्महिने पडून राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे काकवीसारखा चिकट थर ठेवते. तोच थर जेटमध्ये अडकतो. मग पेट्रोलचा कॉक उघडून नळीतून धार सुरळीत येते की थेंबथेंब, ते पाहावे. थेंबच येत असतील तर दोष कॉकच्या जाळीत किंवा टाकीच्या झाकणाच्या बंद पडलेल्या छिद्रात असू शकतो. त्यानंतर हवेची गाळणी काढून पाहावी. कोळपणीच्या धुळीने ती गच्च भरली असेल तर उत्तम कार्बोरेटरही काळा धूर ओकेल. शेवटी प्लग काढून ठिणगी तपासावी. हे करताना जवळपास सांडलेले पेट्रोल नसावे.

एवढे पाहिल्यावर लक्षणांवरून निदान करता येते. चोक ओढलेला असतानाच इंजिन चालते आणि चोक सोडला की बंद पडते, तर पेट्रोल कमी पडत आहे. जेट तुंबला असावा किंवा कार्बोरेटर व इंजिन यांच्यामधील पॅकिंगातून जादा हवा शिरत असावी. भार नसताना इंजिनाचा आवाज सारखा वर-खाली होतो, तर मंद गतीचा बारीक मार्ग तुंबल्याचा संभव असतो. कार्बोरेटरमधून पेट्रोल बाहेर गळते, तर सुईखाली कचरा आला आहे किंवा सुई झिजली आहे, किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो जड झाला आहे. फ्लोट कानाशी हलवून पाहिल्यास आत शिरलेल्या पेट्रोलचा आवाज येतो.

पुरात बुडालेल्या इंजिनाच्या बाबतीत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ते सुरू होते काय हे पाहण्यासाठी दोरी ओढू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. जोराने ओढल्यास आतील भाग वाकू शकतो, आणि गाळ पिस्टनभोवती फिरून सिलिंडर ओरखडतो. प्रथम प्लग काढून पाणी निघू द्यावे, चार-स्ट्रोक इंजिनातील तेल पूर्ण काढून नवे भरावे, टाकी व नळी धुवावी आणि मगच कार्बोरेटरकडे वळावे.

साफसफाईची पद्धत

वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून आतील इंधन काचेच्या भांड्यात घ्यावे. थोडा वेळ स्थिर ठेवल्यावर तळाशी वेगळा थर दिसल्यास इंधनात पाणी आहे असे समजावे. त्यानंतर वाटी उतरवून जेट योग्य मापाच्या पेचकसाने काढावा. पितळ मऊ असते. अघळपघळ पेचकसाने त्याची खाच एकदा मोडली की जेट निघणे दुरापास्त होते. जेट व सर्व मार्ग कार्बोरेटर धुण्याच्या फवाऱ्याने धुवून, पंक्चरच्या दुकानातील हवेच्या दाबाने मोकळे करावेत. हवा मारण्यापूर्वी फ्लोट, सुई व रबरी भाग काढून ठेवावेत. छिद्रात पोलादी तार किंवा सुई कदापि घालू नये. तारेने कचरा निघतो खरा, पण छिद्र किंचित मोठे होते, आणि तो जेट कायमचा बिघडतो. सर्व काम उघड्यावर, विडी-काडीपासून दूर करावे, हे सांगावयास नकोच.

पुष्कळ कार्बोरेटरसाठी सुई, पॅकिंगे व वाटीची रबरी कडी, किंवा पडद्याच्या जातीसाठी नवे पडदे असा दुरुस्तीचा संच स्वतंत्रपणे मिळतो. संपूर्ण भागाच्या मानाने त्याची किंमत थोडी असते. म्हणून सर्वांत स्वस्त कार्बोरेटर बहुधा तोच, जो आधीपासून आपल्या यंत्रावर आहे.

नवा घेणे केव्हा इष्ट?

काही दोष मात्र धुण्याने जात नाहीत. हवेची झडप ज्या दांड्यावर फिरते तो दांडा आपल्या छिद्रात खिळखिळा झाला असेल, तर तेथून सतत जादा हवा शिरते. गढूळ पाण्यात बराच काळ राहिल्याने आतील धातूवर पांढरी भुकटी धरून मार्ग कुरतडले गेले असतील, स्क्रूचे आटे गेले असतील, इंजिनाला टेकणारी सपाट बाजू वाकली किंवा तडकली असेल, किंवा सुईची बैठक जी पुष्कळदा सांगाड्यातच घट्ट बसविलेली असते ती झिजली असेल, तर दुरुस्तीवर पैसा घालण्यात अर्थ नाही. अशा वेळी नवा कार्बोरेटर घ्यावा. आणि तो पर्यायी बनावटीचा घेण्यासही तत्त्वतः हरकत नाही. अट एवढीच, की तो त्याच इंजिनाचा असावा.

निवडीची मापे

दुकानात जाताना जुना कार्बोरेटर बरोबर न्यावा, हा सल्ला चांगला आहे; पण पुरेसा नाही. कारण रूपसाम्य फसवे असते. होंडाच्या १६३ घन सेंटिमीटर क्षमतेच्या जीएक्स १६० आणि १९६ घन सेंटिमीटरच्या जीएक्स २०० या इंजिनांचे उदाहरण घेऊ. याच धाटणीची इंजिने अनेक उत्पादकांनी काढली असून पॉवर वीडरवर ती मोठ्या प्रमाणावर दिसतात. दोहोंचे कार्बोरेटर दिसण्यात जुळे भाऊ, बोल्टांमधील अंतरही तेच. एकाचा दुसऱ्यावर चपखल बसतो. परंतु आतील जेट व गळ्याचे माप निराळे असते. बसला म्हणजे जुळला, असे नव्हे.

म्हणून पुढील गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात.

१. इंजिनाचा उत्पादक, प्रतिमान व अनुक्रमांक. हे इंजिनाच्या अंगावर कोरलेले किंवा पट्टीवर छापलेले असते. यंत्राचे नाव व इंजिनाचे नाव वेगळे असू शकते. कार्बोरेटर इंजिनाचा लागतो, यंत्राचा नव्हे.

२. जुन्या कार्बोरेटरच्या सांगाड्यावरील अक्षरे व अंक. गाळ पुसून ती उजेडात वाचावीत.

३. हवेच्या मार्गाचा व्यास, इंजिनाकडील बाजूने मोजलेला.

४. दोन बोल्टांच्या छिद्रांमधील अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. छिद्रे समान असल्यास त्यांच्या आतील कडांमधील अंतर मोजून त्यात एका छिद्राचा व्यास मिळविला की हे अंतर मिळते.

५. कार्बोरेटरची लांबी आणि गतिनियंत्रकाची तार जोडण्याच्या छिद्राची जागा. ही जागा बदलली तर तार वेडीवाकडी ओढली जाते आणि इंजिन धोकादायक वेगाने धावू शकते.

६. चोकचा प्रकार, पेट्रोलची नळी जोडण्याची दिशा आणि कॉक अंगचा आहे की स्वतंत्र.

७. जेटवरील क्रमांक आणि इंजिनाचे इंधन.

यांतील मोजमापासाठी व्हर्नियर कॅलिपर लागतो. गावच्या कारागिराकडे तो नसेल. परंतु माध्यमिक शाळेच्या व कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो असतो. विज्ञान शिक्षकांनी अशा मोजणीस हातभार लावल्यास विद्यार्थ्यांनाही मिलिमीटरच्या दशांशाचे मोल पुस्तकाबाहेर कळेल.

जेटच्या क्रमांकाविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. काही उत्पादकांच्या पद्धतीत हा क्रमांक छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात दर्शवितो. काहींच्या पद्धतीत तो छिद्रातून वाहणाऱ्या इंधनाचे मान दर्शवितो. म्हणून दोन निरनिराळ्या बनावटींच्या जेटांवरील अंक परस्परांशी ताडून पाहू नयेत. पहिल्या पद्धतीत ७२ क्रमांकाच्या जागी ७८ क्रमांकाचा जेट आला, तर फरक केवळ सहा शतांश मिलिमीटरचा. पण छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ते सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. डोळ्यांना न दिसणारा हा फरक इंधनाच्या खर्चात आणि प्लगवरील काजळीत मात्र दिसतो.

उंच डोंगरावर हवा विरळ असल्याने जेट लहान करावा लागतो, असे कोणी सांगितल्यास ते खरे आहे. परंतु ती गरज साधारणतः समुद्रसपाटीपासून १५०० मीटरच्या वरील प्रदेशात भासते. परंड्याचा परिसर त्याच्या पुष्कळच खाली असल्याने येथे मूळ मापाचा जेटच योग्य होय.

स्वस्त भागात काय पाहावे?

पर्यायी कार्बोरेटर स्वस्त का असतो? त्यात मूळ कंपनीच्या नावाचे मूल्य नसते, तो एकाच साच्यातून प्रचंड संख्येने निघतो, आणि प्रत्येक नग तपासण्याचा खर्च कमी केलेला असतो. पहिल्या दोन कारणांनी ग्राहकाचे काहीच बिघडत नाही. तिसऱ्याचा भार मात्र त्याच्यावर पडतो. जी तपासणी कारखान्यात झाली नाही ती आपण करावयाची असते.

सर्वप्रथम सुई व फ्लोट पाहावा. याच भागाच्या दोषाने सर्वांत मोठे नुकसान होते. सुई नीट बसत नसेल आणि कॉक रात्रभर उघडा राहिला, तर पेट्रोल झिरपत सिलिंडरमधून खाली तेलात उतरते. तेल पातळ होते. आणि अशा तेलावर इंजिन चालले की आतील भाग झिजून जातात. गळते पेट्रोल गोठ्यातील कडब्याजवळ साचले तर आगीचा धोका निराळाच. त्यानंतर इंजिनाला टेकणारी बाजू काचेवर ठेवून सपाट आहे काय, झडपेचा दांडा मोकळा पण घट्ट फिरतो काय, ओतकामाचा चुरा आतील मार्गात राहिला आहे काय, ते पाहावे. नवा भागही एकदा उघडून धुवून मगच बसविणे श्रेयस्कर.

दोन-स्ट्रोक इंजिनाच्या, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. तेथे वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच आत जाते. चुकीच्या कार्बोरेटरमुळे पेट्रोल कमी गेले की तेलही कमी जाते, आणि उष्णतेने फुगलेला पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. काही शेकडा रुपये वाचविण्याच्या प्रयत्नात संपूर्ण इंजिनच गमवावे लागते.

इथेनॉलमिश्रित इंधनाचा विचार

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण आपल्या ऊस उत्पादक भागाला परिचित आहे. देशात जून २०२२ मध्ये दहा टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. सीनाकाठच्या उसापासून निघालेला अंश अशा रीतीने पुन्हा शेतातल्या यंत्राच्या टाकीत येऊ शकतो. त्याचे लाभ मोठे आहेत. मात्र लहान इंजिनाच्या दृष्टीने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

इथेनॉलला जळण्यास पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. एका किलोग्रॅमला सुमारे ९ किलोग्रॅम. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाला लागणाऱ्या हवेचे प्रमाण सुमारे साडेतेरापर्यंत उतरते. आधुनिक मोटारीतील संगणक हे ओळखून इंधन वाढवितो. कार्बोरेटरला अशी बुद्धी नाही. त्याच जेटमधून मिश्रण किंचित पातळ होते. दुसरे असे की, इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि पाण्याचे प्रमाण वाढल्यास त्यासह तळाशी वेगळे होते. तिसरे, जुन्या पद्धतीचे रबर त्याने फुगते किंवा ठिसूळ होते. लहान इंजिनांच्या कित्येक पुस्तिकांत दहा टक्के इथेनॉलची मर्यादा छापलेली आहे. म्हणून यंत्राची पुस्तिका पाहावी, आणि पर्यायी कार्बोरेटर घेताना त्यातील रबरी भाग व पडदे वीस टक्के मिश्रणास टिकणारे आहेत काय, हे विक्रेत्यास विचारून पावतीवर लिहून घ्यावे. जुन्या साठ्यातील स्वस्त माल येथेच दगा देतो.

दरपत्रक आणि नोंद

ग्रामपंचायत, शाळा किंवा अवजारे बँक यांच्यासाठी खरेदी होते तेव्हा दरपत्रके मागविली जातात आणि सर्वांत कमी दर स्वीकारला जातो. या पद्धतीत दोष नाही. दोष असतो तो मागणीपत्राच्या भाषेत. ‘गवतकापणी यंत्राचा कार्बोरेटर, नग एक’ एवढेच लिहिले तर तीन विक्रेते तीन निरनिराळ्या वस्तूंचे दर देतील, आणि त्यांतील सर्वांत कमी दराची वस्तू आपल्या यंत्राची असेलच असे नाही. दरांची तुलना समान वस्तूंतच होऊ शकते. म्हणून मागणीपत्रात इंजिनाचे प्रतिमान, जुन्या कार्बोरेटरवरील क्रमांक, इंधनाचा प्रकार, नवी पॅकिंगे व उष्णतारोधक तुकडा सोबत असावा ही अट, आणि न जुळल्यास ठरावीक मुदतीत बदलून देण्याची हमी, एवढ्या पाच गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. मूळ कंपनीचेच नाव घालण्याची आवश्यकता नाही. त्यामुळे स्पर्धा नाहीशी होते. मापे घातली की स्पर्धाही राहते आणि वस्तूही योग्य मिळते. लेखापरीक्षणाच्या वेळीही ‘हाच का घेतला’ या प्रश्नाचे उत्तर कागदावरच असते.

काढलेला जुना भाग भंगारात न टाकता त्यावर चिठ्ठी बांधून वर्षभर जपून ठेवावा. त्याचा जेट, स्क्रू किंवा फ्लोट पुढे उपयोगी पडतो. आणि नवा भाग न जुळल्यास ताडून पाहण्यास तोच एक पुरावा असतो.

बसविल्यानंतरची परीक्षा

जुनी पॅकिंगे पुन्हा वापरू नयेत. पॅकिंगे व उष्णतारोधक तुकडा ज्या क्रमाने व ज्या बाजूने निघाले त्याच क्रमाने बसवावेत. काढताना भ्रमणध्वनीने एक छायाचित्र घेऊन ठेवल्यास घोटाळा होत नाही. त्यानंतर ताजे पेट्रोल भरून कॉक उघडावा आणि इंजिन सुरू न करता पंधरा मिनिटे थांबावे. या अवधीत कोठे ओल दिसली तर सुई तपासावी. मग इंजिन सुरू करून तापू द्यावे, चोक पूर्ण सोडावा आणि प्रत्यक्ष कामाच्या भाराखाली दहा मिनिटे चालवावे. थंड झाल्यावर प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य. पांढराफटक असेल तर पातळ. काळा व काजळीने माखलेला असेल तर जाड. पांढऱ्या प्लगवर यंत्र पुढे चालविणे म्हणजे जाणूनबुजून नुकसान ओढवून घेणे होय. अशा वेळी भाग परत करावा किंवा योग्य जेट बसवावा.

हंगाम संपल्यावर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे वाटीतील पेट्रोल संपते; टाकीही रिकामी करावी. ही एक सवय लागली तरी पुढील हंगामातील निम्मी डोकेदुखी टळेल.

ज्ञान टिकविण्याची निकड

एप्रिल २०२० पासून भारत टप्पा-६ ची मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींवरून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. मोटारसायकलच्या निमित्ताने ज्या हातांना कार्बोरेटर उघडण्याची सवय होती, ते हात यापुढे कमी होत जातील. शेतातील लहान इंजिने मात्र आणखी कित्येक वर्षे कार्बोरेटरवरच चालणार आहेत. म्हणून परंडा येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या संस्थेत किंवा तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सहकार्याने, खरिपापूर्वी एक दिवस गावोगावच्या यंत्रधारकांसाठी प्रात्यक्षिक ठेवता येईल. त्याला लागेल ते एक जुने इंजिन, एक पेचकस, एक व्हर्नियर कॅलिपर आणि पंचायतीचा पुढाकार.

कोळपणीला वाफसा लागतो, आणि वाफसा कोणासाठी थांबत नाही. दोन-चार दिवस यंत्र बंद राहिले तर तण पिकाच्या वर जाते आणि पुन्हा खुरपणीसाठी मजूर शोधत फिरावे लागते. ज्याच्या शेतावरून पूर एकदा गेला आहे, त्याला असे आणखी चार दिवस परवडणारे नाहीत. त्याने महाग भाग घ्यावा असे नाही. स्वस्तही घ्यावा, पण मोजून घ्यावा. प्रथम साफ करावे, मग मापावे आणि शेवटी दर विचारावा. हा क्रम उलटा झाला की स्वस्त वस्तूच सर्वांत महाग पडते.